मोठ्या चाकांचे अप्पा

अप्पांच्या जीपमधून मी जितकी बसून फिरले, जवळजवळ तितकीच पायी चालले. हे सांगितलं की लोकांना वाटतं, सरकारी जीप, पडत असेल सारखी बंद. तसं मुळीच नव्हतं. जीप धडधाकट होती. पण उतार आला की अप्पा ती थांबवायचे आणि म्हणायचे, "उतरा." मग सगळ्यांनी खाली उतरायचं, उतार संपेपर्यंत चालायचं आणि खाली गेल्यावर पुन्हा चढून बसायचं. साहेब असो की शिपाई, या नियमातून कुणाची सुटका नव्हती.

लातूर तेव्हा नुकता वेगळा जिल्हा झाला होता. खाती आली होती, त्यांना इमारती नव्हत्या. साहेब आले होते, त्यांना खुर्च्या नव्हत्या. आमचं पाण्याचं खातं एका बंद पडलेल्या दाळमिलच्या पुढच्या खोल्यांत भरायचं आणि टेबलावर फाइल आपटली की जुन्या पिठाची धूळ उडायची. त्यात दुष्काळ. मी नांदेडची, गोदाकाठची. बादलीभर पाणी सांडलं तर "जाऊ दे, नदीलाच गेलं" असं म्हणणाऱ्या घरातली. लातुरात आल्यावर घरमालकीण भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळताना पाहिली आणि पहिल्या आठवड्यात मी बदलीचा अर्ज लिहायला घेतला होता. माझं काम बोअरच्या पाण्याचे नमुने आणून तपासायचं. त्यासाठी बाटल्यांची लाकडी पेटी घेऊन हातपंप दुरुस्तीच्या जीपमधून गावोगाव जावं लागे, आणि ती जीप अप्पांची.

अप्पा म्हणजे मन्मथअप्पा, आमचे उपअभियंता. उदगीरकडचे, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातले. घरात आडत सोडून नोकरी करणारे ते पहिलेच, त्यामुळे आवाज आडतीवरचा आणि काम सरकारी, असा प्रकार होता. धिप्पाड देह, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात कापडात बांधलेलं इष्टलिंग. पूर्वी पांढरेशुभ्र कडक इस्त्रीचे कपडे घालायचे म्हणे. मी पाहिले ते मात्र कायम मातकट रंगाच्या शर्टात. एकदा मी चेष्टा केली, "अप्पा, मातीचाच गणवेश का?" तर म्हणाले, "पांढऱ्याला पाणी लई लागतंय बाई. पंप नीट करायला जातो आपण. धुतल्या कपड्यानं गावात गेलं तर लोकांनी काय बघावं?"

गावात ते चहा पीत नसत. लोक आग्रह करायचे, वाईट वाटून घ्यायचे, पण अप्पा जीपला बांधलेली छागल दाखवायचे. कापडाच्या त्या पिशवीतलं घरून आणलेलं पाणी दिवसभर पुरवायचं आणि जाताना उरलंच तर गावातल्या एखाद्या म्हातारीच्या तांब्यात ओतून द्यायचं. रागावले की अर्धं कानडीत रागवत, ते कुणालाच कळत नसे, म्हणून त्यांच्या रागाचं कुणाला फारसं लागतही नसे. खाण्यात मात्र तडजोड नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही डब्यात असायचंच, आणि डबा उघडला की पहिला धपाटा ड्रायव्हर खाजामियाँचा आणि दुसरा पंप मिस्त्री दगडूचा. साहेबानं आधी ड्रायव्हरला वाढावं हे आमच्या खात्यात कुणी पाहिलं नव्हतं.

आता जीपच्या चाकांचं सांगते, कारण अप्पांची आठवण म्हणजे ती चाकंच.

जिल्हा वाटला गेला तेव्हा गाड्याही वाटल्या गेल्या, आणि भावकीच्या वाटणीत धाकट्याला म्हातारा बैल यावा तशी ही जीप आमच्या वाट्याला आली. रस्त्यावर ती ठीक चालायची. पण आम्हाला जायचं असे ते रेणापूरच्या पलीकडच्या माळांवर, जिथं रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गुडघाभर उंच दगड. जीपच्या पोटाखालचा लोखंडी गोळा त्या दगडांवर आपटायचा. काळ्या रानात पाण्यावाचून इतक्या रुंद भेगा पडल्या होत्या की चाक त्यात बसलं की बसलंच. चिंचखोरी नावाची एक वस्ती अशा माळाच्या माथ्यावर होती. तिथला हातपंप दिवसरात्र चालायचा आणि म्हणून सारखा बिघडायचा. टँकर तिथं चढत नव्हता. जीप निम्म्यात थांबायची आणि पंपाचे पाइप माणसांच्या खांद्यावरून वर जायचे. पंप बंद म्हणजे बायकांना माळ उतरून पाणी आणणं आलं.

अप्पांनी हैदराबादच्या बाजारातून लष्कराच्या मोडीतले मोठे टायर आणवले. जीपच्या टायरपेक्षा चांगले वीतभर उंच. मडगार्ड कापून, पट्ट्या वाकवून त्यांनी आणि खाजामियाँनी ते स्वतः बसवले. जीप इतकी उंच झाली की मला चढायला पाट लागायचा. पोरं तिला उंट म्हणायला लागली. आणि तो उंट भेगा ओलांडत, दगड पोटाखाली घालत, पहिल्याच फेरीत थेट चिंचखोरीच्या पंपापाशी जाऊन उभा राहिला. बायकांनी जीपला कुंकू लावलं. अप्पांना इतका आनंद झाला की ते चहा प्यायचेच बाकी राहिले होते.

त्याच फेरीत उतरताना अपघात झाला.

मी त्या दिवशी नव्हते, पण दोघा-तिघांकडून ऐकलंय ते सारखंच आहे. माथ्यावरून खाली येताना जीपमध्ये पंपातून काढलेले जुने गंजके पाइप होते, वर माणसं होती. उतार सुरू झाला, खाजामियाँनं ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण गाडी थांबेना. त्यानं पाय पूर्ण दाबून धरला तरी ती थोडी थोडी पुढं सरकतच राहिली, वेग घेत गेली. शेवटी त्यानं ती बांधाच्या दगडांवर घातली. त्यामुळे माणसं वाचली. पण पाइप सुटून पुढं आले आणि दगडूचा डावा हात पाइप आणि लोखंडी चौकटीच्या मधे सापडला. त्या हाताची बोटं गेली. हातपंपाचा मिस्त्री आणि त्याचा हात गेला. त्या घरावर काय आलं असेल हे मी वेगळं सांगायला नको.

ऑफिसात सगळ्यांनी अप्पांना एकच सल्ला दिला. ब्रेक फेल झाले असं सांगा, जुनी गाडी, कुणी विचारणार नाही. अप्पा म्हणाले, "ब्रेक फेल झाले न्हाईत. ब्रेक होते तसेच हायत. चाक मी मोठं केलं." मोठ्या साहेबांसमोरही त्यांनी हेच सांगितलं. मग दगडूच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर सांगितलं. दगडू खाटेवर होता. तो नुसता म्हणाला, "हाव अप्पा. कळलं." त्याहून जास्त काही बोलला नाही, आणि अप्पांना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं असावं. कारण त्यानंतर त्यांनी दगडूच्या डोळ्याला डोळा देऊन बोललेलं मी पाहिलं नाही. दगडू बरा झाल्यावर त्याला खात्यातच कोठारावर ठेवून घेतलं. डब्यातला दुसरा धपाटा कोठारात त्याच्याकडे जायचाच. तो शिपायाच्या हाती जायचा, अप्पा स्वतः जात नसत.

चाक मोठं केल्यानं ब्रेक का कमी पडावा, हे मला कळत नव्हतं. मी विचारलं तर अप्पा मला ऑफिससमोरच्या सुताराच्या अंगणात घेऊन गेले. तिथं छकड्याचं एक लहान चाक होतं आणि जड गाडीचं एक मोठं. ती आसावर बसवून त्यांनी मधला तुंबा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मला म्हणाले, "कडेला धरून फिरवा." लहान चाक माझ्यानं हललं नाही. मोठं चाक फिरलं. पुन्हा जोर लावला तर त्या धिप्पाड माणसाचे हात तुंब्यावरून सरकले. "ब्रेक मधी असतोय बाई," ते म्हणाले, "आन रस्ता कडेला. चाक जेवढं मोठं, तेवढा रस्त्याचा जोर जास्त. त्यात टायरचं वजन येगळं. मीटर बी खोटा झाला, काटा चाळीसवर आन गाडी पंचेचाळीसच्या वर. येवढं सगळं मी कॉलेजात शिकलो व्हतो. टायर बसवताना उंची मोजली, मडगार्ड मोजलं, आन हे इसरलो." त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सरळ उपाय दोन होते. जुने लहान टायर परत बसवायचे, किंवा मोठ्या चाकाला पुरतील असे मोठे ब्रेक बसवायचे. लहान टायर बसवले तर चिंचखोरी सुटली. ब्रेक मागितले तर आमच्या नव्या जिल्ह्याचा नमुना पुढं आला. टायर ही दुष्काळाची खरेदी, ती इथं मंजूर होते. ब्रेक ही दुरुस्ती, आणि गाडीच्या दुरुस्तीचा कारभार अजून जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीच राहिलेला. तिकडून उत्तर यायचं की गाडी आता तुमची. इकडचे म्हणायचे, दुरुस्ती त्यांची. घर वेगळं झालं तरी चूल कुणाची हे ठरलं नव्हतं.

म्हणून 'उतरा' सुरू झालं. चढताना सगळे बसून, पाइपांसकट. उतरताना जीप रिकामी. जुने पाइप वरच ठेवायचे आणि ते गावकऱ्यांनी सवडीनं बैलगाडीतून आणायचे. आणि उतारावर स्टिअरिंगला खाजामियाँ नाही, अप्पा.

यावरून मोठं भांडण झालं. खाजामियाँचा बाप निजामाच्या वेळी कुणा जहागीरदाराची मोटर चालवायचा, त्यामुळे ड्रायव्हरकी ही त्यांच्या घरची अब्रू होती. त्यानं माथ्यावरच किल्ली काढून हातात घट्ट धरली.

"साब, गाडी तुमीच चलाते तो मैं कायकू हूँ? मेरे हातसे गया उसका हात, ऐसा बोलना है क्या?"

"तुझ्या हातनं न्हाई गेला," अप्पा म्हणाले. "तुझ्या हातनं बाकीचे वाचले. चाकं कुणी बसवली?"

"तुमी."

"मंग उतरवायची बी मीच. पुन्हा सुटली तर मी गेलो पाहिजे, तू न्हाई. तुझी लेकरं ल्हान हायत. किल्ली दे."

खाजामियाँनं किल्ली दिली, पण तोंड फिरवून. त्या दिवसापासून तो चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा खांद्यावर घेऊन जीपच्या मागच्या चाकाशेजारून चालायचा. आत अप्पा छोट्या गिअरात, ओठ आवळून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले. आणि मागून मी, एका हातात बाटल्यांची पेटी, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या. दगडांवरून चालताना मी अप्पांना मनातल्या मनात काय काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही. चपलांचे अंगठे तर इतके तुटले की रेणापूरचा चांभार मला बघितलं की सुई काढून बसायचा.

एकदा वरून तपासणीसाठी एक पाहुणे आले. रेशमी मोजे, चकचकीत बूट. माथ्यावरून परतताना अप्पा म्हणाले, "उतरा साहेब." पाहुण्यांना वाटलं चेष्टा आहे. अप्पांनी गाडी बंद केली आणि हाताची घडी घालून बसले. ऊन भाजून काढत होतं. पाहुणे चिडले, मग हसले, मग उतरले आणि बूट सांभाळत चालले. खाली जीप सुखरूप उभी होती. तिच्यात बसताना ते म्हणाले, "काही झालं नाही की! उगीच घाबरवता तुम्ही. ब्रेक चांगले आहेत." वरच्या ऑफिसात परत गेल्यावर त्यांनी तसंच सांगितलं, आणि ब्रेकची मागणी पुन्हा परत आली.

अप्पा त्या दिवशी ऑफिसच्या ओट्यावर बराच वेळ बसून होते. मीही बाजूला बसले. "बाई," ते म्हणाले, "आपण जपून उतरवतो म्हणून काही होत न्हाई. काही होत न्हाई म्हणून ब्रेक मिळत न्हाईत. मंग काय एखाद्याला मारून दाखवू का ह्यांना?" मला त्या माणसाची फार काळजी वाटायला लागली होती. घरी त्यांची बायको रोज संध्याकाळी दारात उभी राहायची म्हणे, आणि प्रत्येक उतारावर तो माणूस एकटा जीपमध्ये असायचा.

मग त्यांनीच तोड काढली. आमचे मोठे साहेब तरुण होते, पुण्याकडचे, माणूस सरळ. त्यांना स्वतः गाडी चालवायची हौस होती. अप्पांनी शहराबाहेर एक लांबट, सौम्य उतार शोधला, ज्याच्या शेवटी मोकळं पडीक रान होतं. अडवायला झाड नाही, बांध नाही. जीपमध्ये त्या दिवसाइतकेच पाइप भरले, आवळून बांधले. शेजारी स्वतः बसले आणि साहेबांना म्हणाले, "चालवा. मी सांगतो तिथं थांबवा."

खालून आम्ही बघत होतो. अप्पांनी हात वर केला तिथं साहेबांनी ब्रेक दाबला. जीप त्या जागेवरून पुढं आली, आणखी पुढं आली. साहेबांचा देह सीटवरून उचलला गेला होता, एवढ्या जोरानं ते पायावर उभे होते. जीप आमच्या समोरून गेली, पडीक रानात शिरली आणि ढेकळांत मग कुठं थांबली. साहेब खाली उतरले.

"हे आधी का नाही दाखवलंत?" साहेब म्हणाले.

"आधी मलाच म्हाईत नव्हतं साहेब," अप्पा म्हणाले. "मला कळलं ते दगडूच्या हातानं."

साहेबांनी दुरुस्ती हा शब्दच टाळला आणि ब्रेक दुष्काळाच्या खरेदीतच बसवले. जड गाडीचे मोठे ड्रम आले, रुंद लायनर आले, तेलाच्या नळ्या नव्या झाल्या. लातूरच्या गॅरेजात काम चाललं तेवढे दिवस अप्पा तिथंच स्टुलावर बसून होते. इष्टलिंगाची पूजासुद्धा तिथंच, तळहातावर, चमचाभर पाण्यात.

मग चिंचखोरीचा माथा. या वेळी पाइपांसकट. आम्ही सगळे खाली उतरलो आणि अप्पा एकटे आत. निम्म्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, आणि जीप जागच्या जागी थांबली. खाजामियाँ सवयीनं ठोकळा घेऊन धावला. अप्पांनी हातानं खूण केली, नको. जीप ठोकळ्याशिवाय तशीच उभी राहिली. मग त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि किल्ली खाजामियाँच्या हातात ठेवली. "घे. तुझी गाडी. आता सगळ्यांनी बसा."

आम्ही बसलो. मी तर आनंदानं जवळजवळ रडलेच, अर्धाअधिक आनंद चपलांचा होता. पण अप्पा बसले नाहीत. "तुमी व्हा म्होरं, मी आलोच," म्हणाले आणि चालत आले. आम्हाला वाटलं पहिल्या दिवशीचं आहे. पण पुढच्या फेरीलाही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. दुसऱ्यांना उतरवणं बंद झालं, त्यांचं स्वतःचं उतरणं बंद झालं नाही. गुडघे दुखायचे, तरी माथ्यावर आलं की ते खाली उतरायचे. मी एकदा रागावून विचारलं, "अप्पा, आता ब्रेकवर भरवसा नाही का?"

"ब्रेक लई चांगले हायत," ते म्हणाले. "त्या गाडीत बसून उतार उतरायचा म्हटलं की माझा हात दुखतोय बाई. डावा."

मी पुन्हा कधी विचारलं नाही.

माझी नांदेडला बदली झाली. त्या आधीची माझी शेवटची फेरी चिंचखोरीचीच होती. कोठारात दुसरं कुणी नव्हतं म्हणून नवे पाइप मोजून द्यायला दगडू आमच्याबरोबर आला होता. अपघातानंतर तो पहिल्यांदाच त्या जीपमध्ये बसला. जाताना तो आणि अप्पा एकाच बाकावर होते आणि दोघं दोन बाजूंना बघत होते. पंपाचं काम झालं. परत निघालो तर माथ्यावर अप्पा नेहमीसारखे उतरले.

दगडू म्हणाला, "अप्पा, बसा की."

"तू जा म्होरं."

खाजामियाँनं गाडी उताराला लावली. मी मागच्या बाकावर होते, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसत होतं. मागं अप्पा, काठी नाही, गुडघ्यावर हात ठेवत दगडांवरून एकेक पाऊल टाकत येणारे. पुढं दगडू, बिनबोटांचा हात मांडीवर धरून बसलेला. निम्म्या उतारावर, बांधाचे विस्कटलेले दगड दिसायला लागले तसा तो म्हणाला, "खाजाभाई, थांबव."

खाजामियाँनं ब्रेक दाबला. भर उतारावर, पाइप आणि माणसांसकट, जीप थांबली. दगडू एका हातानं धरत खाली उतरला. "जावा तुमी," आम्हाला म्हणाला आणि तिथंच वाटेच्या कडेला उभा राहिला, वर बघत. आम्ही खाली येत राहिलो. अप्पा त्याच्यापाशी पोचले तेव्हा थांबले. काय बोलले, बोलले की नाही, ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. मग दगडूनं आपला डावा हात पुढं केला आणि अप्पांनी तो धरला. गुडघ्यांमुळे धरावाच लागला असता, असं खाजामियाँ नंतर म्हणाला. ते दोघं तसेच हळूहळू खाली येत होते, आणि खाली आम्ही जीप बंद करून त्यांची वाट बघत बसलो.